टिलव्यांचा थवा आणि पांढरी कोर : एका छायाचित्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका शिक्षिकेचे आहे. टिलवे या चिमुकल्या पक्ष्यांचा उडता थवा त्यांनी भिगवणला टिपला, अतिरेकी शार्पनिंगने, म्हणजे संगणकावर कडांना धार लावण्याने, तो प्रिंटमध्ये बिघडला, आणि मग पुन्हा जाऊन सगळे नव्याने करावे लागले. त्यांच्या परवानगीने ते लिहीत असून नाव, शाळा आणि ज्या प्रदर्शनासाठी हा खटाटोप झाला त्याचा तपशील वगळला आहे. पुढे त्यांचा उल्लेख ‘बाई’ असाच येईल, कारण पक्षी पाहणाऱ्या आमच्या मंडळींतही सगळे त्यांना बाईच म्हणतात. दोन्ही वेळा भिगवणला मी त्यांच्याबरोबर होतो आणि फाइलींवर काम करतानाही शेजारी बसलो होतो. त्यामुळे जे चुकले त्यातला काही वाटा माझाही आहे.

बाईंनी सहा वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला तो पाषाण तलावावर आणि सिंहगडाच्या पायथ्याशी बसलेले पक्षी टिपण्यासाठी. त्यांच्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. ६०० ला तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही. बसलेल्या खंड्याला किंवा वेड्या राघूला ही सामग्री पुरून उरते. उडणाऱ्या रोहितालाही पुरते, कारण तो आकाराने मोठा आणि उडतो तोही बहुधा सरळ. घोडे अडते ते चिखलाच्या काठाने तुरुतुरु पळणाऱ्या लहान पक्ष्यांपाशी.

भिगवणला, म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हे पक्षी हिवाळ्यात मोठ्या संख्येने असतात. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातल्या बऱ्याच जमिनी पाण्याखाली गेल्या. आता दर वर्षी पावसाळ्यानंतर पाणी जसजसे ओसरते तसतसा काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यातल्या किडा-अळ्यांवर हे पाहुणे जगतात. त्यांतला सर्वांत लहान म्हणजे छोटा टिलवा, ज्याला आपण बोलताना लिटल स्टिंटच म्हणतो. लांबी १२ ते १४ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहून किंचित लहानच. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात वीण करून तो इथवर येतो. थव्याने उठतो, एका अंगाने वळतो तेव्हा सगळा थवा तपकिरी दिसतो, दुसऱ्या अंगाने वळतो तेव्हा पांढऱ्या पोटांमुळे लख्ख चमकतो, आणि हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकून पुन्हा चिखलावर उतरतो.

अडचण

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही पाच जण भिगवणला गेलो. पुण्याहून अंतर सुमारे १०० किलोमीटर. पण वाटेत मिसळ झाली, चहा झाला, आणि होडीत पाय ठेवला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सव्वादहाच्या सुमारास काठापासून टिलव्यांचा थवा उठला आणि बाईंनी बटण दाबले. अंतर अंदाजे ५० मीटर, शटर १/१००० (सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडे), अ‍ॅपर्चर एफ ६.३, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फ्रेम सुरेख दिसली. त्यातला सात पक्ष्यांचा तुकडा कापून बाईंनी मोबाइलवरच्या गटात टाकला, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. एका सामूहिक प्रदर्शनासाठी तो निवडला गेला आणि १८ बाय १२ इंचांचा प्रिंट काढायला दिला गेला.

प्रिंट हातात आला त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. “पक्ष्यांना कुणीतरी खडूने गिरवल्यासारखं दिसतंय,” एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर वर्णन तंतोतंत होते. प्रत्येक गडद पंखाच्या बाहेरच्या अंगाने एक पांढरी कोर उमटली होती, मागच्या पाण्यावर रव्यासारखे दाणे पसरले होते आणि डोळा म्हणजे काळा ठिपका व त्याभोवती उजळ कडे असा, चष्मा लावल्यासारखा दिसत होता. कडेच्या एका पक्ष्याला तीन पाय होते. होय, तीन. मोबाइलवर हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होते. हातात जेमतेम पाच आठवडे होते.

तपास

बाईंचा पहिला समज असा होता की दोष प्रिंट काढणाऱ्याचा आहे. तो काही अंशी खरा निघाला, पण आधी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली, उघडून १०० टक्क्यांवर, म्हणजे पूर्ण मापात, पाहायची असे ठरवले. प्रकरणातला हा पहिला महत्त्वाचा निर्णय होता, आणि तो प्रिंट देण्याआधी घेतला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

रॉ फाइलमध्ये पक्षी मुळातच मऊ, म्हणजे धूसर कडांचे, होते. त्याची कारणे तीन निघाली आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण अंतराचे. ६०० मिलिमीटरला ५० मीटरवरचा १४ सेंटीमीटरचा पक्षी या सेन्सरवर सुमारे ४३० पिक्सेल लांबीचा येतो. तोच २० मीटरवर असता तर १,०७५ च्या आसपास आला असता. सात पक्ष्यांचा कापलेला तुकडा जेमतेम १,७०० पिक्सेल रुंद होता आणि तो १८ इंचांवर ताणला होता. म्हणजे इंचाला ९४ पिक्सेल. हातात धरून पाहायच्या चांगल्या प्रिंटला साधारण ३०० धरतात, थोडे लांबून पाहायचा असेल तर १५० वरही भागते. ९४ वर भागत नाही.

दुसरे कारण वेगाचे. पक्ष्याचा वेग ताशी ५० किलोमीटर धरला तर तो सेकंदाला १४ मीटर जातो, म्हणजे १/१००० सेकंदात १४ मिलिमीटर. स्वतःच्या लांबीच्या दहाव्या भागाएवढा तो फ्रेममध्ये सरकतो. कॅमेरा त्याच्याबरोबर अचूक फिरवला तर धड स्थिर मिळू शकते, पण पंखांची उघडझाप पॅनिंगने थांबत नाही. तिला शटरच हवे. मग शटर १/१००० च का ठेवले? यावर बाईंनी दिलेले उत्तर मला फार बोलके वाटते: “आयएसओ वाढवला की नॉईज येतो, म्हणून मी २०० च्या वर जातच नाही.” त्या उजेडात आयएसओ ८०० केला असता तर त्याच एक्स्पोजरला, म्हणजे चित्र तेवढेच उजळ ठेवून, शटर १/४००० मिळाले असते. नॉईज, म्हणजे चित्रातले दाणे, नंतर बराच कमी करता येतो. पंखाचे झालेले फराटे पुन्हा पंख होत नाहीत. नॉईजच्या धास्तीने बाईंनी त्याहून मोठा दोष पदरात पाडून घेतला होता.

तिसरे कारण कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. सव्वादहाला ऊन चढलेले असते. ओला चिखल आणि पाणी वेगवेगळ्या गतीने तापते आणि त्यावरची हवा थरथरू लागते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसते तीच ही झळ, फक्त हिवाळ्यात ती डोळ्यांना जाणवत नाही. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला मात्र जाणवते. त्या दिवशीच्या लागोपाठच्या फ्रेम एकामागून एक पाहिल्या तेव्हा स्थिर बसलेल्या शेकाट्याचे पायही एका फ्रेममध्ये सरळ आणि पुढच्या फ्रेममध्ये किंचित वाकडे दिसले. फोकस बरोबर, शटर पुरेसे, पक्षी स्थिर, तरीही चित्र मऊ, असे दिसले की संशय हवेवर घ्यावा. पन्नास मीटरच्या थरथरत्या हवेतून आलेला तपशील लेन्सपर्यंत पोचलेलाच नसतो.

आता शार्पनिंगकडे येतो. बाईंनी काय काय केले ते विचारून क्रमाने लिहून काढले. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगच्या पट्ट्या अशा: अमाउंट ११०, रेडियस २.०, मास्किंग शून्य (त्यांचा अर्थ पुढे येतो). त्यानंतर एआयवर चालणाऱ्या एका वेगळ्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढली. मग निर्यात करताना ‘ग्लॉसी कागद, जास्त’ हा पर्याय निवडला. शेवटी प्रिंट काढणाऱ्याकडच्या यंत्रात स्वयंसुधारणा चालू होती आणि तिनेही आपली भर घातली. एकूण चार वेळा. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याने निर्माण केलेली कड ही खरी कड समजून तिला आणखी धार लावली गेली.

इथे शार्पनिंग नेमके काय करते ते सांगणे भाग आहे, कारण सगळा गोंधळ त्या शब्दाच्या अर्थातच आहे. शार्पनिंगने तपशील वाढत नाही. जिथे गडद आणि उजळ भाग भिडतात तिथे गडद बाजू थोडी अधिक गडद आणि उजळ बाजू थोडी अधिक उजळ केली जाते, आणि आपल्या डोळ्याला ती कड रेखीव झाल्यासारखी वाटते. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये निगेटिव्हबरोबर तिचीच एक धूसर प्रत जोडून हे करीत. ‘अनशार्प मास्क’ हे चमत्कारिक नाव तिथूनच आले आहे. अमाउंट म्हणजे फरक किती वाढवायचा, रेडियस म्हणजे कडेपासून किती पिक्सेलपर्यंत वाढवायचा, आणि मास्किंग म्हणजे सपाट भाग त्यातून किती वगळायचा. रेडियस मोठा घेतला की ती उजळ बाजू पट्ट्यासारखी रुंद होते आणि तिचीच पांढरी कोर बनते. बाईंच्या प्रिंटमध्ये इंचाला ९४ पिक्सेल असल्याने एक पिक्सेल कागदावर पाव मिलिमीटरहून थोडा मोठा झाला होता. म्हणजे दोन पिक्सेलची कोर अर्ध्या मिलिमीटरची. हाताच्या अंतरावरून ती दिसणारच. शिवाय क्रम उलटा होता: आधी धार लावली आणि नंतर चित्र मोठे केले, म्हणून कोरही चित्राबरोबर मोठी झाली.

मास्किंग शून्य ठेवल्याने सपाट पाण्यावरच्या नॉईजलाही तेवढीच धार लागली. रव्याचे दाणे ते हेच. आणि तिसरा पाय? तो एआयचा. अस्पष्ट भागात काय असावे याचा अंदाज बांधून ते सॉफ्टवेअर रेषा भरते. हलल्यामुळे पसरलेल्या पायाचे त्याने दोन पाय केले होते आणि पंखांवर अशा पिसांच्या ओळी काढल्या होत्या ज्यांचा रॉ फाइलमध्ये मागमूसही नव्हता. टिलव्यासारख्या पक्ष्याची ओळख पाठीवरच्या पिसांच्या कडांवरून पटवतात. तिथे अंदाजाने काढलेली पिसे म्हणजे सरळसरळ चुकीची नोंद. माझे मत इथे कडक आहे आणि ते मी बाईंना तेव्हाच सांगितले.

पर्याय

समोर चार पर्याय होते. पहिला, त्याच फाइलवर पुन्हा सौम्य हाताने काम करून १८ बाय १२ चाच प्रिंट काढणे. हा सर्वांत सोपा होता, आणि बाईंचा ओढा सुरुवातीला याच्याकडे होता, कारण थव्याची मांडणी खरोखर देखणी होती. आम्ही तो करूनही पाहिला. कोर गेली, दाणे गेले, आणि उरले ते मऊ, पिठाळ पक्षी. दुसरा पर्याय, तेच चित्र लहान आकारात काढणे. ६ बाय ४ इंचांत ते बरे दिसले असते, पण प्रदर्शनाच्या भिंतीवर पोस्टकार्ड कोण लावणार? तिसरा, बसलेल्या पक्ष्याचे जुने चांगले चित्र देणे. हा शहाणपणाचा होता, आणि फसले तर वापरायचा म्हणून तो राखून ठेवला. चौथा, पुन्हा जाणे.

पुन्हा जाण्यात खर्च होता, सुट्ट्या मोडणार होत्या आणि थवा मनासारखा उठेल याची काडीचीही हमी नव्हती. तरी बाईंनी तोच घेतला, पण एक अट घालून: भिगवणला एकच फेरी, आणि त्याआधी सराव पुण्यातच. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. थेट भिगवणला गेलो असतो तर होडीत बसून सेटिंगांशी झटापट करण्यात पहिला तास गेला असता, आणि पहिला तासच तर कामाचा असतो.

कृती : कवडीपाट

सरावासाठी कवडीपाट निवडले. सोलापूर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या काठचे हे ठिकाण पुण्यातल्या पक्षीनिरीक्षकांना नवे नाही. पाण्याला फेस येतो, वास येतो, प्लास्टिक तरंगत असते. तरी थंडीत चक्रवाक, शेकाटे, तुताऱ्या आणि धोबी तिथे असतातच. जानेवारीतल्या दोन रविवारी बाई उजाडताना तिथे पोचल्या.

पहिल्या रविवारी फक्त शेकाट्यांवर सराव केला. शेकाट्या मोठा, लांब पायांचा, उडाल्यावर सापडायला सोपा. उद्देश एकच: पक्षी उडण्याआधीपासून त्याला फ्रेममध्ये धरून ठेवणे आणि उडाल्यावरही सोडायचे नाही. बटण दाबायची घाई नको. सुरुवातीला बाई पक्षी उडाल्यावर कॅमेरा डोळ्याला लावत आणि तोवर फ्रेममध्ये नुसते आकाश उरे. लेन्स आधी ४०० वर ठेवून पक्षी सापडल्यावर ६०० ला न्यायची, ही युक्ती त्यांना तिथेच जमली. दुसऱ्या रविवारी ठिपकेवाल्या तुतारीवर हात बसवला. ही उठते तीच चिरकत आणि वाकडीतिकडी; पण अनेकदा फेरी मारून जवळपासच उतरते, हे दोन तास पाहिल्यावर लक्षात आले.

फोकसची एक मोठी अडचण तिथे उघडी पडली. उभ्याने फोटो काढला की पक्ष्यामागे लगेच चिखल किंवा पाणी येते, आणि कॅमेऱ्याचा फोकस पक्ष्याऐवजी त्यावर जाऊन चिकटतो. काठावर बसून, जवळजवळ जमिनीलगत लेन्स ठेवली की मागचा काठ दूर जातो, धूसर होतो आणि फोकसला पक्ष्याखेरीज धरायला काही राहत नाही. गुडघे चिखलात भरतात, हे खरे. बाईंनी एकाच बिंदूऐवजी नऊ बिंदूंचा छोटा गट निवडला आणि मध्ये गवताचे पाते आले तरी फोकस लगेच उडी मारू नये म्हणून त्याची संवेदनशीलता कमी केली.

कृती : भिगवण, दुसरी फेरी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, एका कामाच्या दिवशी रजा टाकून, आम्ही दोघेच पहाटे चारला निघालो. मिसळ परतताना खायची, असे आधीच ठरवले होते. त्या सुमारास सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. आम्ही पावणेसातला होडीत होतो. बाईंनी नावाड्याला सांगितले, “दादा, काठाच्या दीडशे फूट अलीकडे मशीन बंद करा आणि पुढं बांबूनं चला.” इंजिनाचा हादरा थेट लेन्सपर्यंत येतो, आणि पक्षीही आवाजाला बुजतात. बाई होडीच्या तळाशी बसल्या आणि तांदूळ भरलेली कापडी पिशवी काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली.

साडेसातला काठाशी तीसेक टिलवे आणि त्यांच्यात दोन-चार कंठेरी चिखले चरत होते. अंतर २० मीटरच्या आतबाहेर. नावाड्याने सवयीने विचारले, “उडवू का मॅडम?” टाळी वाजवली किंवा होडी पुढे घातली की थवा उठतो, हे तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांना हवे असते. बाई म्हणाल्या, “नको हो. पोट भरतायत, भरू द्या.” हा दुसरा निर्णय. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवीत असतात. त्यांना वारंवार उठवणे म्हणजे त्यांच्या शिदोरीत हात घालणे. छायाचित्राच्या दृष्टीनेही ते तोट्याचेच आहे, कारण आपण उठवलेला थवा आपल्यापासून दूर उडतो आणि फ्रेममध्ये शेपट्याच येतात.

त्याऐवजी वाऱ्याचा विचार केला. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि उतरतातही तसेच. त्या सकाळी पूर्वेकडून मंद वारा होता आणि सूर्यही अर्थात पूर्वेला. म्हणून होडी थव्याच्या पूर्व बाजूला नेऊन थांबवली. वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी, म्हणजे जो पक्षी उठेल तो आमच्या दिशेने आणि उजळलेल्या तोंडाने येईल.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवले: १/३२००, एफ ७.१, आयएसओ १६००. टिलव्यांच्या थव्यात ऑटो एक्स्पोजर दगा देतो, कारण एका क्षणी सगळ्या तपकिरी पाठी असतात आणि दुसऱ्या क्षणी पांढरी पोटे. कॅमेरा दर वेळी मत बदलतो. बाईंनी चरणाऱ्या पक्ष्याच्या पांढऱ्या पोटाचा एक नमुना फोटो घेतला, पडद्यावर पोट लुकलुकत नाही (फार उजळ झालेला भाग कॅमेरा लुकलुकवून दाखवतो) एवढे पाहिले आणि ऊन बरेच वर येईपर्यंत आकड्यांना हात लावला नाही. पांढरे एकदा जळाले की तिथल्या पिसांचा तपशील गेला, आणि नसलेल्या तपशिलाला कोणते शार्पनिंग धार लावणार?

आठच्या सुमारास दूरवर गवतावरून एक मार्श हॅरिअर, म्हणजे शिकारी पक्षी, खालून तरंगत आला आणि सगळा काठ एकदम उठला. बाईंनी बटण दाबले ते दाबूनच धरले. थवा आधी लांब गेला, तिकडे वळला, आणि पांढरी पोटे चमकवीत थेट होडीच्या अंगावर आला, नेमका तेव्हा कॅमेरा अडखळला. बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा, भरला होता. सर्वांत जवळचा, सर्वांत सुंदर क्षण आमच्या डोळ्यांदेखत गेला आणि कॅमेरा कार्डावर फाइली लिहीत बसला. होडीत दोन मिनिटे कोणी काही बोलले नाही. नावाडी तेवढा म्हणाला, “येतोय तो परत.”

तो परत आला, पण अर्ध्या तासाने. या वेळी थवा लांब असताना बाई नुसत्या पाहत राहिल्या, वळून जवळ आल्यावर सहा-सात फ्रेमचा एक तुकडा, मग बोट उचलले, पुन्हा एक तुकडा. नऊ वाजता हवा थरथरू लागण्याआधी आम्ही कॅमेरे पिशवीत घातले. आणखी पक्षी होते, पण थांबण्यात अर्थ नव्हता.

कृती : संगणकावर

एकूण ६४० फ्रेमपैकी पहिल्या चाळणीत ४० राहिल्या आणि १०० टक्क्यांवर डोळा पाहिल्यावर ११. निवड झाली ती तीन टिलव्यांच्या फ्रेमची, दोन जवळजवळ एका रेषेत आणि तिसरा किंचित मागे. ६०० ला २० मीटरवर एफ ७.१ घेऊनही खोलीत जेमतेम फूटभर जागा फोकसमध्ये राहते, म्हणून थव्यातले सगळे पक्षी धारदार मिळण्याची आशा मुळातच सोडावी लागते. तिसरा पक्षी मऊ होता. त्याला तसाच राहू द्यायचे ठरले; बाईंना हे पटायला एक संध्याकाळ लागली.

या वेळी क्रम बदलला. आधी नॉईज कमी केला. मग पहिले, सौम्य शार्पनिंग: अमाउंट ५०, रेडियस ०.८, डिटेल (बारीक कडांवरचा जोर) २०. पिसांचा तपशील बारीक असतो, म्हणून रेडियस एकच्या खाली. मास्किंगची पट्टी ऑल्टची कळ दाबून धरून सरकवली की पडद्यावर काळे-पांढरे चित्र दिसते. पांढऱ्या भागाला धार लागते, काळ्याला नाही. पाणी पूर्ण काळे होईपर्यंत पट्टी नेली, ती ७५ वर थांबली. त्यानंतर ब्रशने फक्त पुढच्या दोन पक्ष्यांचे डोके, चोच आणि पाठीवरची पिसे एवढ्यावरच थोडी भर घातली. पंखांची टोके किंचित हललेली होती. त्यांना हात लावला नाही, कारण हललेल्या टोकाला धार लावली की एका टोकाच्या दोन कडा होतात. एआयचे सॉफ्टवेअर उघडलेच नाही.

कापल्यावर फ्रेम ३,६०० बाय २,४०० पिक्सेल उरली, म्हणजे ३०० च्या हिशेबाने बरोबर १२ बाय ८ इंच. १८ बाय १२ चा आग्रह बाईंनी इथे सोडला, म्हणून चित्र ताणावे लागले नाही. अखेरचे शार्पनिंग अंतिम आकार ठरल्यावर, मॅट कागदासाठी आणि मध्यम प्रमाणात. कागदात शाई थोडी पसरते, त्यामुळे पडद्यावर जरासे जास्त वाटणारे शार्पनिंग कागदावर बरोबर बसते. पण ते जरासे म्हणजे किती, हे पडद्याकडे बघून कळत नाही. म्हणून डोके आणि पंखाचा एक तुकडा खऱ्या मापात, ६ बाय ४ च्या कागदावर, दोन वेगवेगळ्या प्रमाणांत काढून आणला आणि खिडकीच्या उजेडात पाहिला. त्यातला कमी शार्प केलेला तुकडा निवडला. पूर्ण प्रिंट देताना स्वयंसुधारणा बंद ठेवण्याची सूचना कागदावर लिहून दिली.

परिणाम

प्रिंट चांगला आला. डोळ्यात उन्हाचा ठिपका स्पष्ट होता, पाठीवरच्या पिसांच्या फिकट कडा मोजता येत होत्या आणि पंखाभोवती कोर नव्हती. पाण्यावर थोडा नॉईज उरला होता. हाताच्या अंतरावरून तो दिसत नव्हता. प्रदर्शनात शेजारच्या मोठ्या चित्रांपुढे हे चित्र लहान वाटले, हेही नोंदवायला हवे. काही जण न थांबता पुढे गेले. जे थांबले त्यांतल्या एका जाणत्या निरीक्षकाने चित्रावरून पक्ष्याची जात ओळखून सांगितली, आणि बाईंच्या लेखी कामाची खरी पावती तीच होती. पहिल्या चित्रावरून, मांडणी कितीही देखणी असली तरी, ते कोणालाच करता आले नसते.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या फेरीत उशिरा निघणे ही चूक आम्हा पाचही जणांची होती, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातूनच आल्या. शटर वाढवले असते तरी सव्वादहाच्या हवेत ५० मीटरवरून काही हाती लागले नसते.

मोबाइलवर चित्र पाहून निवड करणे हे दुसरे. बोटभर पडद्यावर चार वेळा शार्प केलेले चित्र खणखणीत दिसते; तिथे मिळालेल्या दादेवर मोठ्या प्रिंटचा निर्णय घेऊ नये, आणि दाद देणाऱ्यांनीही, म्हणजे मीही, आधी मूळ फाइल मागायला हवी होती.

बफरची चूक कवडीपाटलाच टळली असती. तिथे आम्ही एकेकट्या पक्ष्यांवर सराव केला, लांबलचक थवा कधी टिपलाच नाही. त्यामुळे आपला कॅमेरा किती फ्रेमनंतर दमतो हे बाईंना माहीत नव्हते. घरी बसून, भिंतीकडे रोखून, रॉमध्ये सलग बटण दाबून फ्रेम मोजल्या तरी दोन मिनिटांत ते कळते. नंतर मोजल्या तेव्हा २४ निघाल्या.

एका बाबतीत बाईंचे आणि माझे अजून एकमत नाही. मला वाटते एफ ८ घेऊन आयएसओ आणखी थोडा वाढवला असता तर तिसरा पक्षीही थोडा सावरला असता. बाईंचे म्हणणे, तो मऊ आहे म्हणूनच पुढचे दोघे उठून दिसतात. मार्चमध्ये पाणी आणखी मागे हटले आणि चिखलाचा पट्टा रुंद झाला की भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर पालथे पडून दोन्ही प्रकारे काढून पाहायचे ठरले आहे. नावाड्याने जुनी ताडपत्री द्यायचे कबूल केले आहे.